तीस सेकंद: डिस्क अडते तेव्हा संगणक काय करतो?

माऊसचा बाण पडद्यावर फिरतो आहे, कोपऱ्यातले घड्याळ पुढे सरकते आहे, पण फाईल काही उघडत नाही. डब्यावरचा डिस्कचा दिवा पेटला आहे तो विझायला तयार नाही. अर्धा मिनिट जातो, कधी पाच मिनिटे जातात. मग एकतर काहीच घडले नव्हते असे सगळे सुरू होते, नाहीतर आपण वैतागून बटण दाबून संगणक बंद करतो. ‘हँग झाला’ एवढे म्हणून विषय संपतो. वास्तविक त्या वेळात संगणक रिकामा बसलेला नसतो. आत तीन वेगवेगळे कारागीर एकाच बिघाडावर, एकमेकांना न विचारता, आपापला उपाय करत असतात. या तिघांचा मेळ कसा घालायचा, हा या लेखाचा विषय आहे.

पहिला कारागीर म्हणजे खुद्द डिस्क. तिच्या आत स्वतःचा छोटा संगणक असतो. दुसरा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीममधला स्टोरेज ड्रायव्हर. वरून आलेली ‘अमुक क्रमांकाचा तुकडा वाचून द्या’ ही मागणी डिस्कला समजेल अशा भाषेत पोचवणे आणि उत्तर परत आणणे हे त्याचे काम. तिसरा म्हणजे त्याच्या वर बसलेली मंडळी: फाईल सिस्टीम, दोन-चार डिस्क एकत्र बांधणारी व्यवस्था, डेटाबेस वगैरे. सगळे सुरळीत असते तेव्हा मधल्या ड्रायव्हरचे काम पोस्टमनसारखे सरळ असते. त्याची परीक्षा होते ती उत्तर आले नाही तर.

मी संगणकशास्त्र कॉलेजात शिकलेलो नाही. आयटीआयमधून वीजतंत्री झालो आणि कार्ल्यात यूपीएस, इन्व्हर्टर दुरुस्तीचे काम करत आलो. मावळातला पावसाळा आणि वीजपुरवठा एकत्र आले की इन्व्हर्टरबरोबर गिऱ्हाइकांच्या अडलेल्या डिस्कही दारात येतात. त्या का अडतात हे शोधता शोधता लिनक्सचा सोर्स कोड वाचायची सवय लागली. तो सर्वांना खुला आहे, फी लागत नाही, ओळख लागत नाही. ड्रायव्हरचा कोड वाचताना एक गोष्ट लवकर ध्यानात येते. काम नीट झाले तर काय करायचे हे थोडक्या ओळींत असते आणि पानेच्या पाने खर्ची पडलेली असतात ती काम बिघडले तर काय करायचे यासाठी. ही पाने रोज वापरली जात नाहीत, म्हणून तपासलीही कमी जातात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००१ मध्ये लिनक्सचा कोड प्रोग्रॅमकरवी चाळून पाहिला, तेव्हा ड्रायव्हरमधल्या चुकांचे प्रमाण बाकीच्या कर्नलच्या तिपटीपासून सातपटीपर्यंत निघाले होते.

आता डिस्कपासून सुरुवात करू. चुंबकी तबकडीवर माहिती ५१२ किंवा ४०९६ बाइटच्या तुकड्यांत लिहिलेली असते. अशा तुकड्याला सेक्टर म्हणतात. प्रत्येक सेक्टरसोबत थोडी जादा आकडेमोड लिहिलेली असते. वाचताना दोन-चार बिट चुकले तर त्या आकडेमोडीवरून ते दुरुस्त होतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. चूक त्यापलीकडची असेल तर डिस्क हट्टाला पेटते. पुन्हा वाचते, डोके केसभर इकडे-तिकडे सरकवून वाचते, पुन्हा वाचते. घरगुती डिस्क बनवणाऱ्याने गृहीत धरलेले असते की या माहितीची दुसरी प्रत कुठेही नाही, तेव्हा शेवटपर्यंत झगडायचे. हा झगडा दोन मिनिटांच्या वरही चालू शकतो, आणि तेवढा वेळ डिस्क कोणाच्याही हाकेला ओ देत नाही. एकट्या डिस्कसाठी हे धोरण बरोबरच आहे, असे माझे मत आहे.

पण वरचा ड्रायव्हर घड्याळ लावून बसलेला असतो. लिनक्समध्ये प्रत्येक मागणीला सामान्यतः ३० सेकंदांची मुदत असते. तेवढ्यात उत्तर आले नाही की ड्रायव्हर समजतो, काहीतरी अडले. मग तो एक जिना चढायला लागतो. पहिली पायरी: ती एकच मागणी रद्द कर असे डिस्कला सांगायचे. ऐकले नाही तर दुसरी: डिस्कचा तो विभाग रीसेट करायचा. तेही नाही तर पूर्ण डिस्क, मग ती ज्या तारेवर आहे ती सबंध तार, आणि शेवटी ज्या कार्डाला त्या सगळ्या तारा जोडल्या आहेत ते कार्ड. प्रत्येक पायरीनंतर डिस्कला ‘तयार आहेस का?’ असे विचारायचे आणि थांबायचे. एवढे करून उत्तर नाहीच आले, तर डिस्क बाद. स्कझी या जुन्या पद्धतीत ठरलेला हा क्रम आजही बहुतेक ठिकाणी पायाला आहे.

क्रम शहाणपणाचा आहे, लहान उपायाकडून मोठ्याकडे जाणारा. दोष दोन आहेत. एक म्हणजे प्रत्येक पायरीवर थांबण्याचा वेळ साचत जातो आणि एकूण वेळ मिनिटांत जातो. दुसरा दोष मोठा. हा जिना चढायचे काम सुरू असताना त्या कार्डावरच्या सगळ्याच डिस्कचे काम थांबवले जाते. दुखणे एकीचे आणि उपास सगळ्यांना.

आमच्या मळवली स्टेशनावरून दिसणाऱ्या गाड्या पुढे बोरघाट उतरतात. त्या उतारावर रेल्वेने कॅच सायडिंग बांधून ठेवल्या आहेत. गाडीने ठरल्या जागी थांबून ती ताब्यात असल्याचे दाखवायचे, मग तिला पुढची वाट मिळते. ब्रेक न लागलेली गाडी चढाच्या फाट्याकडे वळते आणि तिथे तिचा जोर ओसरतो. बिघडलेल्या गाडीसाठी जागा आधीपासून राखून ठेवणे आणि तिचा बिघाड तिच्यापुरता ठेवणे, ही कल्पना जुन्या ड्रायव्हरमध्ये नव्हती. तिथे एक गाडी अडली की सगळा घाट बंद.

डिस्कची चिकाटी आणि ड्रायव्हरची ३० सेकंदांची मुदत यांची टक्कर कशी होते, ते एका प्रकरणात मी जवळून पाहिले. लोणावळ्याच्या बाजूच्या एका फोटो स्टुडिओत एकच मजकूर एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिणारी जोडी बसवलेली होती. एक गेली तर दुसरी आहे, असा हिशेब. दोन्ही डिस्क साध्या घरगुती प्रकारच्या. त्यावर वीसेक वर्षांची लग्ने, मुंजी, एकवीरा आईच्या चैत्री यात्रेची छायाचित्रे. एका रात्री जुना फोल्डर वाचताना पहिल्या डिस्कवरचा एक सेक्टर वाचता येईना. डिस्क झगडायला लागली आणि गप्प झाली. ३० सेकंदांनी ड्रायव्हर जिना चढू लागला. डिस्क स्वतःच्या कामात गुंतलेली, ती रीसेटलाही दाद देईना. ड्रायव्हरने ती मेली असे वर कळवले आणि जोडीतून ती काढून टाकली गेली.

मालकांनी शहाण्या माणसाप्रमाणे नवी डिस्क आणून लावली. आता नवीवर सगळे उतरवून घ्यायचे, म्हणजे उरलेली जुनी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणे आले. तिच्यावरही एक सेक्टर खराब होता, अगदी वेगळ्या जागी. ते फोटो कित्येक वर्षांत कोणी उघडलेच नव्हते, त्यामुळे तो खराब झाल्याचे कोणाला माहीत नव्हते. पुन्हा तोच प्रकार: झगडा, शांतता, ३० सेकंद, जिना, बाद. दोन्ही डिस्क गेल्या असे सांगून मालक ते डबडे घेऊन माझ्याकडे आले.

वास्तविक दोन्हींपैकी एकही गेलेली नव्हती. दोघींवर मिळून मोजके सेक्टर खराब होते, आणि एकीचे खराब ते दुसरीवर चांगले होते. डीडीरेस्क्यू नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. तो डिस्कवरचे सोपे भाग आधी उचलतो, अवघड भाग मागे ठेवतो आणि कुठले मिळाले, कुठले राहिले याचा नकाशा लिहीत जातो. नंतर वापरात राहिलेल्या डिस्कवरून आधी प्रत काढली आणि तोच नकाशा वापरून उरलेल्या भोकांपुरती पहिली डिस्क वाचली. छायाचित्रे सगळी मिळाली. माझे कौशल्य त्यात फार नव्हते, माहिती दोन्हीकडे मिळून पूर्ण होतीच. ती पूर्ण असूनही मालकाला ‘गेली’ असे ऐकावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते.

डिस्कने पहिल्या रात्री वेळेत ‘हा सेक्टर मला वाचता येत नाही’ एवढे सांगितले असते, तर काय झाले असते? जोडी सांभाळणाऱ्या व्यवस्थेने तो सेक्टर दुसऱ्या डिस्कवरून वाचला असता आणि पहिलीवर त्याच जागी पुन्हा लिहिला असता. लिहिताना डिस्कला जागा खराब आहे असे आढळले, तर ती राखीव साठ्यातली चांगली जागा त्याऐवजी लावून टाकते. सगळे काही सेकंदांत आटोपले असते, मालकांची झोपही मोडली नसती.

ही सोय अस्तित्वात आहे. सर्व्हरसाठी विकल्या जाणाऱ्या डिस्कमध्ये झगड्याला मर्यादा घातलेली असते, सामान्यतः ७ सेकंदांची. निरनिराळ्या कंपन्यांनी तिला निरनिराळी नावे दिली आहेत, तत्त्व एकच. काही घरगुती डिस्कमध्येही ही मर्यादा असते, पण बंद ठेवलेली असते. स्मार्टसीटीएल या प्रोग्रॅमने ती सुरू करता येते. आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात द्यायचा असतो, म्हणजे ७ सेकंदांसाठी ७०. ज्या डिस्कमध्ये ही सोयच नाही, तिथे उलट बाजूने जायचे: ड्रायव्हरची मुदत ३० वरून १८० सेकंदांवर न्यायची. संगणक तीन मिनिटे अडेल, पण चांगली डिस्क बाद होणार नाही. मात्र एकच डिस्क असेल आणि दुसरी प्रत नसेल, तर ७ सेकंदांची मर्यादा घालू नये. तिथे डिस्कला झगडू द्यावे.

न वाचलेल्या जागी लपलेले खराब सेक्टर ही तशी विरळा गोष्ट नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे १५ लाख ३० हजार डिस्क ३२ महिने पाहिल्या गेल्या. त्यातल्या ३.४५ टक्के डिस्कवर असे सेक्टर आढळले. म्हणून डेबियन या लिनक्सच्या प्रकारात महिन्याच्या पहिल्या रविवारी अशा जोडीतल्या सगळ्या डिस्क आपोआप पूर्ण वाचून पाहिल्या जातात. शेतकरी कणगीतले धान्य अधूनमधून हलवून बघतो, त्यातलाच प्रकार.

ड्रायव्हर स्वतः किती सुधारला? माझ्या वाचनात आलेल्या सुधारणांत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती दुखणे ओळखून वागण्याची. डिस्क नुसते ‘झाले नाही’ म्हणत नाही, कारणाचा आकडाही देते. ३ म्हणजे तबकडीवरचा सेक्टर वाचता आला नाही. ४ म्हणजे यंत्रातच दोष. ६ म्हणजे मधल्या काळात काहीतरी बदलले, उदाहरणार्थ मी नुकतीच रीसेट झाले आहे. ६ आला तर मागणी पुन्हा पाठवली की काम होते. पण सेक्टर वाचता आला नाही असे डिस्कने झगडा संपवून सांगितले असेल, तर तीच मागणी आणखी पाच वेळा पाठवण्यात काय अर्थ? प्रत्येक वेळी डिस्क पहिल्यापासून झगडणार आणि तेवढीच झिजणार. आजचा लिनक्स या जातीच्या उत्तरानंतर पुन्हा प्रयत्न करत नाही, लगेच वर कळवतो.

साटा डिस्कच्या ड्रायव्हरमधला बिघाड हाताळणारा भाग तेजुन हिओ यांनी २००६ मध्ये नव्याने लिहिला. तो वाचताना मला एखाद्या जुन्या वायरमनची आठवण होते. केबलवरून येताना माहिती वारंवार बिघडते असे दिसले, तर तो डिस्क बाद करत नाही, केबलचा वेग एक पायरी उतरवून बघतो. वारंवार गोंधळ होऊ लागला, तर एका वेळी ३२ मागण्या देण्याऐवजी एकेकच द्यायला लागतो. या ३२ मागण्यांचीही एक गंमत आहे. त्यातली एक फसली की डिस्क बाकीच्या ३१ सुद्धा टाकून देते. कोणती फसली ते तिच्या एका नोंदवहीत लिहिलेले असते. ड्रायव्हर ती नोंद वाचतो, दोषी मागणीपुरती चूक वर कळवतो आणि बाकीच्या निमूटपणे पुन्हा पाठवतो. रीसेट केल्यावर थांबण्याचे आकडेही विचाराने ठरवले आहेत: १० सेकंद, पुन्हा १०, मग सुस्त डिस्कसाठी ३५, आणि शेवटी जाता जाता एक ५ सेकंदांची संधी.

सगळा घाट बंद होण्यावर उपाय यायला मात्र बराच काळ गेला. २०१३ च्या अखेरीस हानेस राइनेके यांच्या कामातून दोन गोष्टी लिनक्समध्ये आल्या. मागणी रद्द करण्याची पहिली पायरी बाकीचे काम न थांबवता बाजूला चालू लागली. बहुतेक प्रकरणे तिथेच मिटतात, जिन्याकडे जावेच लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सबंध जिन्याला मिळून एकच मुदत घालता येऊ लागली. ती संपली की उरलेल्या पायऱ्या गाळून थेट कार्ड रीसेट. बँकेत किंवा रेल्वे आरक्षणात जिथे दुसऱ्या मार्गाने तीच माहिती मिळू शकते, तिथे दहा मिनिटे झगडून मिळालेल्या यशापेक्षा लवकर कळलेले अपयश उपयोगी पडते.

नव्या एनव्हीएमई डिस्कच्या ड्रायव्हरमधली एक छोटी युक्ती मला फार आवडते. मुदत संपली की काही रद्द करण्याआधी तो उत्तरांची पेटी स्वतः उघडून बघतो. कधीकधी उत्तर वेळेवर आलेले असते, फक्त ‘आले’ असे सांगणारी घंटा वाजायची राहिलेली असते. कुरिअरवाल्याशी भांडण्याआधी उंबऱ्यावर पाकीट पडले आहे का ते पाहावे, इतके साधे.

एवढे करूनही ड्रायव्हरने दिलेली खबर वर पोचतेच असे नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हर्यादी गुनावी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये लिनक्सच्या सगळ्या फाईल सिस्टीम आणि तीन प्रमुख स्टोरेज ड्रायव्हर तपासले. चुकीची खबर हातात येऊनही ती तिथेच टाकून दिली जाते अशा ११५३ जागा त्यांना सापडल्या, म्हणजे तपासलेल्यांपैकी १३ टक्के. खालचा ओरडून सांगतो आहे आणि मधला कानावर हात ठेवून बसला आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण डेटाबेसच्या जगात निघाले. आपण लिहिलेली माहिती आधी मेमरीत राहते आणि सवडीने डिस्कवर जाते. ती खरोखर गेली का, हे विचारण्यासाठी एफसिंक नावाची विनंती असते. लिनक्समध्ये पूर्वी असे होई: डिस्कवर लिहिताना चूक झाली तर ती एकदा कळवली जाई, कधी भलत्याच प्रोग्रॅमला, आणि मेमरीतली प्रत मात्र ‘लिहून झाली’ अशा खुणेने ठेवली जाई. पुन्हा विचारले की उत्तर यायचे: सगळे ठीक. जेफ लेटन यांनी २०१७ मध्ये कर्नलमध्ये बदल केला आणि ती फाईल उघडून बसलेल्या प्रत्येकाला चूक कळू लागली. पोस्टग्रेस हा डेटाबेस आतापर्यंत पहिल्यांदा नकार आला तर पुन्हा विचारून पाहत असे. त्या दुसऱ्या होकाराला अर्थ नाही, हे २०१८ मध्ये त्याच्या कर्त्यांच्या पुरते ध्यानात आले. त्यांनी ठरवले की एफसिंक फसले तर डेटाबेसने स्वतःच थांबावे आणि आपल्या रोजनिशीवरून पुन्हा उभे राहावे. बाहेरून हे टोकाचे वाटते. मला ते प्रामाणिक वाटते.

हे सगळे तपासायला प्रयोगशाळा लागते असा समज आहे. माझी प्रयोगशाळा म्हणजे एक जुना संगणक. लिनक्समध्येच खोट्या डिस्क करण्याची साधने आहेत. एक साधन मेमरीत स्कझी डिस्क उभी करते आणि ठराविक मागण्यांना मुद्दाम उत्तरच देत नाही. दुसरे काही सेकंद नीट चालते आणि काही सेकंद बिघडते. २०१९ मध्ये आलेले डीएम-डस्ट तर खऱ्या डिस्कची हुबेहूब नक्कल करते: सांगाल तो तुकडा वाचायला नकार देते, आणि त्यावर नव्याने लिहिले की तो बरा करून टाकते. मी अशा डिस्कवर फाईल ठेवतो, तिच्या मधला तुकडा खराब करतो आणि तीन गोष्टी लिहून ठेवतो. चूक प्रोग्रॅमपर्यंत पोचायला किती वेळ लागला, शेजारच्या डिस्कचे काम थांबले का, आणि शेवटी माणसाला दिसणाऱ्या संदेशात फाईलचे नाव होते की नुसता सेक्टरचा आकडा. तिसऱ्या रकान्यात अजून बहुधा आकडाच येतो. फोटो स्टुडिओच्या मालकाने सात-आठ आकडी सेक्टर क्रमांकाचे काय करायचे? कोणत्या लग्नाचा अल्बम धोक्यात आहे, हे त्याला कळायला हवे. ते शोधून काढता येते, पण त्यासाठी आज माझ्यासारख्याला एक संध्याकाळ खर्च करावी लागते. मेकॅनिकची ही संध्याकाळ वाचवणारा प्रोग्रॅम कोणी तरुणाने लिहिला, तर मला हवा आहे.

जाता जाता आमच्या भागातल्या वाचकांसाठी एक सूचना. डिस्कला घातलेली ७ सेकंदांची मर्यादा बहुतेक डिस्क वीज गेली की विसरतात आणि पुन्हा चालू झाल्यावर जुन्या हट्टावर जातात. जून ते सप्टेंबर आमच्याकडे वीज दिवसातून कितीदा जाते हे सांगायला नको. तेव्हा ही आज्ञा एकदा हाताने देऊन उपयोग नाही, संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या यादीत ती घालावी आणि यूपीएसची बॅटरी बदलली की ती खरोखर लागू झाली आहे का, ते एकदा वाचून पाहावे.